शिक्षिका घडविणाऱ्या ताराबाई

आपल्या मंडळाच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीचा आढावा ह्या स्मरणिकेत अन्यत्र आलेला आहेच. महासाथीची दोन वर्षे वगळली तर गणेशोत्सवात खंड पडलेला नाही. कोजागरी, संक्रांतीचे हळदीकुंकू, वार्षिक नाटक हेही नेमाने होत आले. खंड पडला तो एकाच गोष्टीत. मुलांसाठी रविवारचा मराठी वर्ग आम्ही तीन वेळा सुरू केला आणि तिन्ही वेळा तो बंद पडला. मुले होती, खोली होती, पाट्या आणि अंकलिप्याही आणलेल्या होत्या. ज्या भगिनींनी पहिल्यांदा हा भार उचलला त्यांच्या यजमानांची बदली झाली आणि त्यांच्या मागे वर्ग पुढे नेणारे कोणी उरले नाही. पुढे दोन्ही वेळा थोड्याफार फरकाने हेच घडले. तिसऱ्या खेपेस, योग्य शिक्षक मिळत नाहीत, असा शेरा इतिवृत्तात नोंदवून आम्ही तो विषय निकाली काढला. सरकारी नोकरीत आयुष्य गेल्यामुळे असे शेरे लिहिण्याचा हात आम्हांस चांगलाच बसला आहे.

हा शेरा कितपत बरोबर होता ह्याचा विचार ताराबाई मोडक ह्यांचे चरित्र पुन्हा एकदा चाळताना आमच्या मनात आला. ताराबाईंचे नाव बालशिक्षणाच्या संदर्भात सर्वश्रुत आहे. त्यांच्या संस्था, त्यांना १९६२ साली मिळालेला पद्मभूषण हा सन्मान, ह्या गोष्टीही अनेकांस ठाऊक असतील. परंतु त्यांच्या आयुष्याचा एक धागा आहे, तो मात्र सहसा वेगळा काढून दाखविला जात नाही. ताराबाईंनी जेथे जेथे मुलांची शाळा काढली, तेथे तेथे त्या शाळेला लागून शिक्षिकांची शाळाही काढली. योग्य शिक्षक मिळण्याची वाट त्यांनी पाहिली नाही. समोर जी माणसे होती त्यांतून त्यांनी ते तयार केले. आणि ही विद्या त्यांना साधली ती महाराष्ट्रात नव्हे, तर आपल्यासारखेच घर सोडून परप्रांतात राहत असताना, हे आपण दूरदेशीच्या मराठी माणसांनी विशेष लक्षात घेण्यासारखे आहे.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिवराव आणि आई उमाबाई हे दोघेही प्रार्थना समाजाच्या वातावरणातले. १८६७ साली मुंबईत स्थापन झालेल्या ह्या समाजाने जातिभेदाचा निषेध, स्त्रीशिक्षण आणि विधवाविवाह ह्या गोष्टी केवळ व्याख्यानांपुरत्या न ठेवता आपल्या अनुयायांच्या घरांपर्यंत नेण्याचा प्रयत्न केला. अशा घरातील मुलीने शाळेत जाणे, पुढे कॉलेजात जाणे ह्यांत नवल वाटण्याचे कारण नव्हते. नवल होते ते घराबाहेरच्या जगात. त्या काळी पदवीपर्यंत पोहोचणाऱ्या मुली हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच. १९१४ साली ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या बी.ए. झाल्या. पुढे अमरावतीचे वकील कृष्णाजी विनायक मोडक ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि मुंबईची ही सुशिक्षित मुलगी वऱ्हाडात नांदू लागली. प्रभा नावाची एक कन्याही झाली. परंतु हा संसार टिकला नाही. काही वर्षांतच पतीपत्नी विभक्त झाली आणि लहानग्या मुलीला घेऊन स्वतःच्या पायांवर उभे राहण्याची वेळ ताराबाईंवर आली. ज्या समाजात नवऱ्यापासून वेगळे राहणाऱ्या स्त्रीकडे आजही वळून पाहिले जाते, त्या समाजात शंभर वर्षांपूर्वी हे पाऊल काय किमतीचे असेल ह्याची कल्पना वाचकांनी करावी. ताराबाईंनी त्याचा डांगोरा पिटला नाही आणि त्याबद्दल रडगाणेही गाइले नाही. त्यांनी नोकरी शोधली.

ती नोकरी मिळाली काठेवाडात. १९२२ साली राजकोट येथील बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्यपदी त्यांची नेमणूक झाली. कॉलेज हे नाव मोठे वाटले तरी ही संस्था म्हणजे शिक्षिका तयार करणारी एक छोटी शाळाच म्हणावयास हरकत नाही. अशा शाळांची गरज का निर्माण झाली ते थोडक्यात सांगितले पाहिजे. एकोणिसाव्या शतकात मुलींच्या शाळा निघू लागल्या. पण मुलगी जरा मोठी झाली की पुरुष शिक्षकासमोर तिला बसविण्यास पालक तयार नसत, आणि स्त्री-शिक्षिका तर कोठेच नव्हत्या. शिक्षिका नाहीत म्हणून मुली शिकत नाहीत, आणि मुली शिकत नाहीत म्हणून शिक्षिका नाहीत, असे ते चक्र होते. १८६६ साली हिंदुस्थानात आलेल्या मेरी कार्पेंटर ह्या इंग्रज बाईंनी सरकारपाशी आग्रह धरला तो नेमका ह्याच गोष्टीसाठी, की शाळा काढण्याच्या आधी स्त्रियांसाठी शिक्षक-शाळा काढा. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर सावित्रीबाई फुले ह्यांनी त्याही आधी स्वतः अध्यापनाचे शिक्षण घेऊन हे चक्र एका बाजूने फोडले होतेच. पुढे अहमदाबाद, पुणे, राजकोट अशा ठिकाणी स्त्रियांची ट्रेनिंग कॉलेजे उभी राहिली. त्यांत येणाऱ्या बहुतेक स्त्रिया देशी भाषेच्या काही इयत्ता शिकलेल्या आणि पुष्कळदा विधवा असत. त्यांना पाठाची टिपणे कशी काढावी, गणित कसे शिकवावे, वर्गात शिस्त कशी ठेवावी, हे शिकविले जाई.

राजकोटला ताराबाईंची नोकरी प्रतिष्ठेची होती. पगार होता, पद होते. एकट्या स्त्रीला एका मुलीसह निर्धास्तपणे आयुष्य काढण्यास ह्यापेक्षा आणखी काय हवे, असे आपल्यापैकी कोणीही म्हटले असते. परंतु तेथे राहत असताना दोन गोष्टी घडल्या. एक म्हणजे, ज्या शिक्षिका आपण तयार करीत आहोत त्या मुलांपुढे उभ्या राहिल्यावर छडी आणि घोकंपट्टी ह्यांखेरीज दुसरे काय देणार, हा प्रश्न त्यांना पडू लागला. दुसरी गोष्ट घरातली. प्रभाचे शिकण्याचे वय झाले होते, आणि तिला कोणत्या शाळेत घालावे हे आईला ठरवावयाचे होते. ह्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच गावाकडे बोट दाखवीत होते. ते गाव म्हणजे भावनगर.

भावनगरला १९१० साली नानाभाई भट्ट ह्यांनी दक्षिणामूर्ती ही संस्था विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह म्हणून सुरू केली होती. तीत १९१६ साली गिजुभाई बधेका आले. हे गृहस्थ व्यवसायाने वकील. १९१३ साली त्यांना मुलगा झाला; त्याला कसे वाढवावे ह्याचा विचार करताना त्यांच्या हाती इटलीच्या डॉ. मारिया माँटेसरी ह्यांचे पुस्तक आले आणि वकिली सुटली. संस्थेच्या माध्यमिक शाळेत, म्हणजे विनय मंदिरात, शिकवीत असताना गिजुभाईंच्या ध्यानात आले की मोठ्या मुलांत जे दोष आपण काढू पाहतो ते लहानपणीच रुजलेले असतात. तेव्हा काम आणखी खालून सुरू केले पाहिजे. म्हणून १९२० साली त्यांनी अडीच ते सहा वर्षांच्या मुलांचे बालमंदिर काढले. पुढे तख्तेश्वरच्या टेकडीवर त्याची स्वतंत्र इमारत झाली आणि १९२२ साली तिचे उद्घाटन कस्तुरबा गांधींच्या हस्ते झाले. तेथे मुलांना मार नव्हता, बक्षिसाचे आमिष नव्हते. मूल आपल्या आवडीचे साधन उचलून त्याच्याशी रमत असे आणि शिक्षक बाजूस उभा राहून पाहत असे. माँटेसरींच्या साधनांत गिजुभाईंनी आपल्या मातीतल्या गोष्टी, बालगीते, लोककथा आणि नाटुकली ह्यांची भर घातली. पोरे त्यांना मिशीवाली आई म्हणून ओळखत.

१९२३ साली ताराबाईंनी राजकोटचे प्राचार्यपद सोडले आणि मुलीला घेऊन त्या भावनगरास गेल्या. एका सरकारमान्य कॉलेजची प्रमुख दुसऱ्या कोणाच्या तरी बालमंदिरात काम करावयास जाते, ही गोष्ट व्यवहाराच्या दृष्टीने वेडेपणाची होती. पगारश्रेणी, ज्येष्ठता आणि निवृत्तिवेतन ह्यांच्या हिशेबात वाढलेल्या आमच्यासारख्यांना तर ते पाऊल समजावयास वेळच लागतो. परंतु ताराबाईंचा हिशेब सरळ होता. ज्या शिक्षणावर आपला विश्वास उरलेला नाही त्याच्या शिक्षिका घडवीत राहण्यापेक्षा, विश्वास बसला आहे ते शिक्षण आधी स्वतः शिकावे, असे त्यांनी ठरविले. शिक्षिकांची प्रमुख पुन्हा विद्यार्थिनी झाली.

पुढची तेरा वर्षे ताराबाई गुजरातीत राहिल्या, असे म्हटले तरी चालेल. बालमंदिरातील मुलांशी बोलायचे गुजरातीत, पालकांशी बोलायचे गुजरातीत, लिहायचे तेही गुजरातीत. गिजुभाईंच्या जोडीने त्यांनी त्या भाषेत पुष्कळ लेखन केले. मातृभाषा मराठी, शिक्षण इंग्रजी आणि जीवितकार्य गुजराती अशी ही त्रिवेणी होती. आपल्यापैकी जी मंडळी बंगालीत बाजारहाट करतात, हिंदीत कचेरी चालवितात आणि घरी आल्यावर मराठीत बोलतात त्यांना ह्यात काही परके वाटू नये. भेद एवढाच, की आपण परभाषा गरजेपुरती शिकतो. ताराबाईंनी ती मुलांच्या पातळीपर्यंत शिकून घेतली, आणि मुलाची भाषा ही कोणत्याही भाषेतील सर्वांत अवघड भाषा होय.

बालमंदिराची कीर्ती पसरू लागली तशी ठिकठिकाणांहून मागणी येऊ लागली. आमच्या गावी असे बालमंदिर काढावयाचे आहे, कोणी शिक्षक पाठवा. वरवर पाहता ही यशाची खूण होती. वास्तविक तो पेच होता. साधने सुताराकडून करवून घेता येतात, खोली भाड्याने मिळते, परंतु मुलाच्या अंगावर न ओरडता त्याच्यासमोर दिवसभर उभी राहू शकेल अशी व्यक्ती बाजारात मिळत नाही. म्हणून १९२५ साली दक्षिणामूर्तीत अध्यापन मंदिर निघाले. त्याच वर्षी भावनगरला माँटेसरी पद्धतीच्या पुरस्कर्त्यांचे संमेलन भरले आणि १९२६ साली गिजुभाई व ताराबाई ह्यांनी नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. मारिया माँटेसरी स्वतः हिंदुस्थानात आल्या त्या १९३९ च्या अखेरीस. म्हणजे त्यांच्या आगमनाच्या चौदा वर्षे आधीच त्यांच्या पद्धतीला देशी रूप देऊन तिच्या शिक्षकांची शाळा काठेवाडातील एका संस्थानी गावात चालू झालेली होती.

ह्या अध्यापन मंदिरातील शिक्षण हे राजकोटच्या शिक्षणाहून मुळातच वेगळे होते. तेथे उमेदवाराला पहिल्यांदा शिकवावयाचे नसे, तर पाहावयाचे असे. एखादे मूल एकच दट्ट्या खोबणीतून काढते, पुन्हा बसविते, पुन्हा काढते. त्याला मध्येच थांबवून आपण शहाणपण शिकवू नये, त्याचे समाधान होईपर्यंत थांबावे, आणि आपण काय पाहिले ते टिपून ठेवावे, ही पहिली शिकवण. दुसरी शिकवण आवाजाची. वर्गात शिक्षकाचा आवाज चढला की मुलांचाही चढतो, हे कोणत्याही शाळेत जाऊन पाहावे. तिसरी शिकवण हातांची: शेंबूड पुसणे, बटण लावून देण्याऐवजी लावावयास शिकविणे, सांडलेले पाणी मुलाकडूनच पुसून घेणे. पुस्तकी विद्वत्ता असलेल्या अनेकांना ही तिसरी पायरी सर्वांत जड जाते. जिला फारसे शिक्षण नाही पण जिचे डोळे आणि हात जागे आहेत अशी साधी स्त्रीही ती सहज चढून जाते. ताराबाईंच्या पुढील सर्व कार्याचे बीज ह्या निरीक्षणात आहे, असे आम्हांस वाटते.

मराठी मुलुखाचा विसर मात्र त्यांना पडला नव्हता. गिजुभाई आणि ताराबाई ह्यांनी गुजरातीत शिक्षणपत्रिका चालविली होतीच. १९३३ पासून ताराबाईंनी तिची मराठी आवृत्ती सुरू केली. हिंदी आवृत्तीचे काम काशिनाथ त्रिवेदी ह्यांनी पाहिले. पालक आणि शिक्षक ह्यांच्यासाठी निघणारे असे मासिक एकाच वेळी तीन भाषांत चालावे आणि त्याचा उगम काठेवाडात असावा, ही त्या काळच्या ध्येयवादाची साक्ष होय. अखेर १९३६ साली गिजुभाईंनी दक्षिणामूर्ती सोडली आणि त्याच सुमारास ताराबाई मुंबईस परतल्या. गिजुभाई त्यानंतर फार काळ राहिले नाहीत. २३ जून १९३९ रोजी त्यांचे निधन झाले. गुरू, सहकारी आणि मित्र असा तिहेरी आधार गेला.

मुंबईत दादरच्या हिंदू कॉलनीत ताराबाईंनी १९३६ साली शिशुविहार काढले, आणि त्याला जोडून अध्यापन मंदिरही काढले. भावनगरात गुजरातीत शिकलेली विद्या आता मराठीत शिकवायची होती. त्यासाठी परिभाषा नव्याने घडवावी लागली, गोष्टी आणि गाणी नव्याने जमवावी लागली. दादरच्या मध्यमवर्गीय घरांतील स्त्रिया, कोणी विवाहित, कोणी एकाकी, येथे शिकून बालशिक्षिका झाल्या आणि गावोगावच्या बालमंदिरांत गेल्या. बालवर्गाची बाई हा मराठी घरांना आज परिचित वाटणारा शब्दप्रयोग रूढ होण्यात ह्या छोट्या अध्यापन मंदिराचा वाटा मोठा आहे.

येथेच थांबल्या असत्या तरी ताराबाईंचे नाव राहिले असते. परंतु शहरातील सुखवस्तू घरांच्या मुलांपुरते हे शिक्षण मर्यादित राहते आहे, ही बोच त्यांना होती. लाकडी साधनांची पेटी महाग, शिक्षिका पदवीधर, इमारत प्रशस्त; हे सारे खेड्यातील गरिबाच्या पोराला कोठून मिळणार? १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांनी त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील आणि आताच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी ह्या समुद्रकाठच्या गावी ग्रामबालशिक्षा केंद्र उघडले. ज्या वयात आमच्यासारख्यांचे डोळे सेवापुस्तिकेतील नोंदी आणि निवृत्तीची तारीख ह्यांकडे लागलेले असतात, त्या वयात त्या पुन्हा एकदा पहिल्या पायरीवर उभ्या राहिल्या. बोर्डी गाव शिक्षणाला नवखे नव्हते. गोखले एज्युकेशन सोसायटीचे हायस्कूल तेथे १९२० पासून चालू होते आणि आचार्य भिसे ह्यांच्यासारखे शिक्षक तेथे तळ ठोकून होते. परंतु बोर्डीच्या मागच्या बाजूस डोंगराकडे गेले की वारल्यांचा प्रदेश लागे. तेथे वेठबिगारी आणि सावकारी ह्यांनी माणसे पिचून गेलेली होती. त्याच १९४५ साली शामराव आणि गोदावरी परुळेकर ह्यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेच्या झेंड्याखाली वारल्यांनी वेठीविरुद्ध लढा उभारला होता.

ह्या कामी ताराबाईंना मिळालेल्या सहकारी म्हणजे अनुताई वाघ. तेराव्या वर्षी विवाह आणि सहा महिन्यांच्या आत वैधव्य, अशी त्यांची कहाणी. जिद्दीने शिकून त्या प्राथमिक शिक्षिका झाल्या होत्या आणि पुण्यात त्यांची कायमची नोकरी होती. ती सोडून त्या बोर्डीस आल्या. बावीस वर्षांपूर्वी राजकोटची खुर्ची सोडताना ताराबाईंनी जे केले होते तेच अनुताईंनी केले. शिक्षिका घडविणे म्हणजे केवळ पाठ देण्याची पद्धत शिकविणे नव्हे. आपल्या वागण्याची लागण दुसऱ्यास करणे होय, ह्याचे दुसरे उदाहरण शोधावयास नको. पुढे सत्तेचाळीस वर्षे, म्हणजे १९९२ साली निधन होईपर्यंत, अनुताई त्या कामात राहिल्या.

बोर्डीला पहिली अडचण आली ती अशी, की बालवाडी उघडली तरी ज्यांच्यासाठी उघडली ती मुले येईनात. वस्ती लांब, अंगावर धड कपडा नाही, जातीचा संकोच, आणि आईबाप पहाटेच मजुरीला गेलेले. मुले येत नाहीत, असा शेरा लिहून कोणीही मोकळा झाला असता. ताराबाई आणि अनुताई ह्यांनी उलट केले. मुले बालवाडीकडे येत नसतील तर बालवाडीने मुलांकडे जावे. वस्तीतल्याच एखाद्या अंगणात मुले गोळा करायची, त्यांना आंघोळ घालायची, नखे कापायची, केस विंचरायचे, गाणी म्हणायची, गोष्टी सांगायच्या, आणि तेथेच शिकवायचे. ह्या प्रकाराला अंगणवाडी हे नाव मिळाले. माँटेसरींच्या महागड्या साधनांची जागा शिंपले, गोटे, बिया, पाने आणि काड्या ह्यांनी घेतली. मोजणी शिकावयास चिंचोके आणि रंग ओळखावयास रानफुले पुरेशी झाली.

१९५७ साली हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर, थेट वारल्यांच्या वस्तीत गेले. ताराबाई तेव्हा पासष्ट वर्षांच्या होत्या. येथे अडचणी आणखी वेगळ्या. सहासात वर्षांचा मुलगा म्हणजे गुरे राखणारा कर्ता माणूस. मुलगी असेल तर तिच्या कडेवर धाकटे भावंड. म्हणून लहानग्यांसाठी पाळणाघर, त्यांच्या वरच्यांसाठी बालवाडी आणि पुढे प्राथमिक शाळा, असे सारे एकत्र बांधून विकासवाडीची कल्पना आकारास आली. पाळणाघरात भावंड ठेवले की ताई शाळेत बसू शके. आणि जी पोरे गुरांमागे रानात जात त्यांच्यासाठी शिक्षकच रानात गेले. गुरे चरत आहेत आणि झाडाखाली शाळा भरली आहे, अशी ही कुरणशाळा होती.

ह्या सर्वांसाठी शिक्षिका कोठून आणायच्या? शहरातील पदवीधर मुलगी कोसबाडच्या टेकडीवर किती दिवस टिकणार, आणि टिकली तरी वारली पोरांची बोली तिला कशी उमजणार? मराठीच्याच पोटातली ती बोली, पण पाठ्यपुस्तकाच्या मराठीपासून कोसभर दूर. म्हणून येथेही बालसेविकांचे प्रशिक्षण सुरू झाले आणि खेड्यापाड्यांतल्या थोडे शिकलेल्या मुली आणि बाया त्यात तयार झाल्या. राजकोटच्या कॉलेजपासून कोसबाडच्या टेकडीपर्यंतचा हा प्रवास पाहिला म्हणजे ध्यानात येते, की प्रत्येक मुक्कामावर ताराबाईंनी शिक्षिका होण्याची पात्रता अधिकाधिक सामान्य स्त्रीच्या आवाक्यात आणली. दर्जा मात्र त्यांनी सोडला नाही. फक्त तो पदवीत न शोधता मुलाशी वागण्याच्या रीतीत शोधला.

३१ ऑगस्ट १९७३ रोजी ताराबाईंचे निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील तेहतीस प्रकल्पक्षेत्रांत सुरू केली आणि तिच्या केंद्रांसाठी अंगणवाडी हा शब्द स्वीकारला. आज देशभर सुमारे चौदा लाख अंगणवाड्या आहेत. ज्यांनी आमच्याप्रमाणे बदल्यांच्या निमित्ताने निरनिराळ्या प्रांतांत संसार थाटला असेल त्यांनी हा शब्द परक्या लिपीतल्या पाट्यांवरही वाचला असेल. ह्या अंगणवाड्यांतील पोषण, मानधन आणि प्रशिक्षण ह्यांचे प्रश्न गंभीर आहेत, आणि ताराबाईंच्या कल्पनेतील शिक्षण त्या प्रत्येक अंगणवाडीत दिले जाते असे म्हणणे खरे होणार नाही. शब्द सर्वत्र पोहोचला, पण त्यामागची शिक्षिका घडविण्याची चिकाटी तितक्या वेगाने पोहोचली नाही. पाटी लावणे सोपे असते. तिच्याखाली उभी राहणारी व्यक्ती तयार करणे कठीण असते.

आता आम्ही आपल्या रविवारच्या वर्गाकडे परत येतो. योग्य शिक्षक मिळत नाहीत हा आमचा शेरा चुकीचा होता, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. शिक्षक मिळत नाहीत असे नव्हे, तर आम्ही ते तयार केले नाहीत, असे तेथे लिहावयास हवे होते. तिन्ही वेळा आम्ही एका हौशी व्यक्तीच्या खांद्यावर सारा भार टाकला आणि ती गेल्यावर हात झाडले. मंडळात आज निवृत्त मंडळी आहेत, आजीआजोबा आहेत, कॉलेजात जाणारी आणि घरात मराठी बोलणारी मुले आहेत. ह्यांपैकी कोणाजवळही अध्यापनाची पदवी नसेल. बोर्डीच्या अंगणात उभ्या राहिलेल्या कितीजणींजवळ ती होती?

म्हणून सुवर्णमहोत्सवी वर्षात हा वर्ग चौथ्यांदा सुरू करताना क्रम बदलावा, अशी आमची सूचना आहे. मुलांचा वर्ग दिवाळीनंतर भरवावा. त्याआधी तीन महिने दर रविवारी चारपाच प्रौढांनी एकत्र बसावे. कोणत्या गोष्टी सांगावयाच्या, कोणती गाणी म्हणावयाची, ज्या मुलाचे मराठी हिंदीच्या वळणाने जाते त्याला न हसता कसे सुधारावे, ह्याची तयारी करावी. आणि त्या चारपाच जणांनी वर्षभरात आणखी दोघांना तयार करावे, म्हणजे एखाद्याची बदली झाली तरी वर्ग चालू राहील. आम्ही स्वतः लवकरच निवृत्त होणार आहोत. ह्या यादीत पहिले नाव आमचे लिहावे, अशी चिटणिसांस विनंती आहे.